तो माळ रिकामा नव्हता, कुंदा

कुंदा,

तुझ्या शोकसभेत सात जण बोलले आणि सातही जण झाडांबद्दल बोलले. एकाने तुला वृक्षमाता म्हटलं, दुसऱ्याने वनदेवी. तिसरा स्वतः केलेली चारोळी वाचता वाचता रडला. मी मागच्या रांगेत बसून वाट बघत होते, की यांच्यापैकी एक तरी जण गवत हा शब्द उच्चारेल. ज्याच्यापायी तू आयुष्यातली चांगली वर्षं गुडघे सोलून घेतलेस, त्याचं नाव तरी कुणी घेईल. कुणीही घेतलं नाही.

शेवटी तुझ्या संस्थेचे अध्यक्ष उठले. तुझ्या स्मरणार्थ स्मृतिवन होणार, म्हणाले. जागाही ठरली आहे. सिन्नरच्या पुढे, आपल्या माळाला लागून जे गाव आहे, त्याचं गायरान. "ओसाड माळावर ताईंच्या नावाने नंदनवन फुलवू!" टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या.

मी उठले. "मला दोन मिनिटं बोलायचंय," असं म्हणालेही. पहिल्या रांगेतून अरविंदराव वळले. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्यांनी हात जोडले. "शैलाताई, आज नको."

तुझ्या नवऱ्यानेच हात जोडल्यावर मी काय करणार? बसले. जे बोलायचं राहिलं ते आता तुला सांगते. तसंही ते तुलाच सांगायचं होतं, आणि तू होतीस तेव्हा मी ते सांगितलं नाही.

आपली ओळख झाली तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. तू कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचीस, मी शाळेत भूगोल. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हा भूगोलाच्या शिक्षकांचं शिबिर होतं आणि 'जगातील नैसर्गिक प्रदेश' या पाठावर बोलायला तुला बोलावलं होतं. आम्ही वह्या उघडून बसलो. विषुववृत्तीय, सॅव्हाना, वाळवंटी, टैगा, टुंड्रा, रकाने आखलेले. तू खडू हातात घेतलास आणि विचारलंस, "नाशिक जिल्ह्यात किती नैसर्गिक प्रदेश आहेत?"

"एकच," मी म्हणाले. "मोसमी."

"पुस्तकात एकच. आणि डोळ्यांनी?"

आम्ही वह्यांत बघू लागलो. तू म्हणालीस, "ऑगस्टात पहिल्या रविवारी सकाळी स्टँडवर या. मी दाखवते." चाळीस शिक्षकांनी मान हलवली. त्या रविवारी आले मी एकटी. नवऱ्याची ओझरच्या कारखान्यात पाळी होती, मुलीला सासूबाईंकडे ठेवून आले होते. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "चला, एक तरी आली."

आपण आधी एसटीने इगतपुरीला गेलो. घाटात धुकं इतकं, की पुढचं झाड दिसेना. अंजन, जांभूळ, हिरडा, आणि त्यांच्या खोडांवर शेवाळाचे जाड थर. तू मला ओल्या पानांचा थर हाताने उकरायला लावलास. खाली काळी, भुसभुशीत माती. दुपारी परत नाशिक, द्वारका चौकात उतरून भजी खाल्ली आणि सिन्नरची गाडी पकडली. सिन्नर सोडून आत गेलो तशी झाडं विरळ झाली, ठेंगणी झाली, काटेरी झाली. संध्याकाळी त्या माळावर उतरलो तेव्हा ऊन पडलं होतं, आणि क्षितिजापर्यंत नुसतं गवत वाऱ्यावर लवत होतं. इगतपुरीला एका दिवसात पडतो तेवढा पाऊस इथे महिन्याभरात पडत नाही, हे मला पाठ होतं. ते अंगावर आलं ते त्या दिवशी.

"ढग सह्याद्रीला धडकतात, तिथेच रिकामे होतात," तू म्हणालीस. "इथे येते ती त्यांची सावली. बघ, सकाळपासून आपण ना विषुववृत्त ओलांडलं, ना समुद्र. तरी जगाचे तीन पट्टे पाहिले."

मग तू मला खाली बसवलंस आणि पेन्सिल मातीत खुपसलीस. बोटाचं एक पेर आत गेली आणि खडकाला टेकली. "पाऊस कमी, माती एवढीशी. इथे मोठं झाड उभं राहणार कशावर? सगळे समजतात गवत म्हणजे सुरुवात आणि जंगल म्हणजे शेवट. जणू काही गवत म्हणजे नापास झालेलं जंगल. शैला, इथे गवत हाच शेवट आहे. हे पूर्ण आहे."

हे पूर्ण आहे. हे तुझे शब्द आहेत, कुंदा. माझे नाहीत.

त्यानंतर चार वर्षं आपण त्या माळावर जात राहिलो. रविवारी, दिवाळीच्या सुट्टीत, नवऱ्यांच्या कुरकुरीसकट. तारेची चौकट टाकायची आणि तिच्यात उगवलेली काडी न् काडी मोजायची. पवन्या, मारवेल, कुसळी, डोंगरी, रोशा. तू सांगायचीस, मी लिहायची. कार्बन घालून दोन प्रती, एक तुला एक मला. कुसळं साडीत रुतायची ती परत येताना एसटीत बसून उपटायची.

ठकूबाई आपल्याला तिथेच भेटली. तिची आणि तिच्या नवऱ्याची, कोंडाजीबाबांची, मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या त्या माळावर चरत होती. तुझं नाव ऐकून ती पोट धरून हसली होती. "कुंदा? आवो, ह्ये तर आमच्या रानातलं गवत! लय हट्टी. येकदा शिरलं का नाय निघत." तू पण हसलीस. वहीत तुला अडेल त्या गवताचं नाव ती सांगायची. तू तिला एकदा विचारलंस, मेंढरांनी गवत संपत नाही का? तेव्हा ती म्हणाली, "चरलं नाय तर गवात म्हातारं व्हतं, बाई. वाळून आडवं पडतं, खाली नव्याला ऊन नाय भेटत. तोंड लागाय पायजे त्येला." तू माझ्याकडे वळलीस. तुझे डोळे चमकत होते. "लिही. पाऊस, ऊन, माती. आणि चरणारं तोंड. चौथं आपल्या पुस्तकांत नाही."

त्याच आठवड्यात मी वर्गात जगातल्या गवताळ प्रदेशांची नावं 'प्रेअरी, स्टेप, पंपास, व्हेल्ड, डाउन्स' म्हणून घेतलं आणि शेवटी मुलींना विचारलं, आणि आपलं? चौतीस वर्षांच्या नोकरीत मला एवढा अभिमान परत कधी वाटला नाही. हे तुझं देणं. शिव्या द्यायला बसले आहे, पण हे नाकारणार नाही.

मग ती संस्था आली. मोठी माणसं, मोठ्या गाड्या, पर्यावरणाची कळकळ. त्यांना माळ हिरवा करायचा होता आणि त्यासाठी कुणा तज्ज्ञाचा अहवाल हवा होता. तू मला फोन केलास तेव्हा मला वाटलं, तू त्यांना माळावर नेशील, पेन्सिल खुपसून दाखवशील. तू अहवाल लिहिलास, 'वनीकरणास योग्य.'

मी तुझ्या इंदिरानगरच्या घरी धावत आले. तू चहा ठेवलास आणि पाठमोरी उभी राहून बोललीस. "गवताचा प्रकल्प घेऊन मी किती दारं फिरले, तुला माहितीय. प्राचार्यांनी विचारलं, गवतात काय बघता? माझ्या विभागातली पोरंसोरं पुढे गेली. झाड म्हटलं की सगळे उठून उभे राहतात, शैला. एकदा यांच्यात पाय रोवू दे. मग गवताचं काम आपल्या हातात आहे."

मला पटलं नाही. पण तू थकलेली दिसलीस, आणि मी तुझ्यावर माया करत होते. म्हणून तू पुढे जे मागितलंस ते मी दिलं. नकाशा.

माझा हात चांगला होता. शाळेतले सगळे भिंतीवरचे नकाशे माझेच. मी अहवालासाठी माळाच्या गावाचा नकाशा काढला. ओढे निळे, वस्त्या लाल, शेतं पिवळी. माळासाठी मी हिरव्या बारीक काड्या काढायला घेतल्या होत्या. तू माझ्या खांद्यावरून वाकून बघितलंस आणि म्हणालीस, "ती जागा पांढरी ठेव."

"का?"

"गर्दी होते."

मी ठेवली. चार वर्षांच्या नोंदींची माझी प्रत माझ्याच कपाटात होती. संस्थेच्या बैठकीत तिथल्या साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "म्हणजे मोकळीच आहे की जागा." तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मीही तुझ्याकडे बघितलं नाही. एका वाक्याचं काम होतं, कुंदा. दोघींपैकी एकीने ते बोलायला हवं होतं.

पुढचं तुला माहीत आहे. आधी यंत्राने चर खणले, पेन्सिल टेकली होती तो खडक फोडून. मग तारेचं कुंपण, चराईबंदीची पाटी. मग ग्लिरिसिडिया आणि सुबाभळीची रोपं, आणि ती लावायला शाळांची मुलं. माझाही वर्ग होता. तूच सांगितलं होतंस, मुली घेऊन ये. मुलींनी टोप्या घातल्या होत्या, त्यांना लाडू मिळाले.

ठकूबाई कुंपणापलीकडे उभी होती. मेंढरं मागे, तोंडं तारेला लागलेली. मी जवळ गेले. तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, "बाई, तुमी तर गवताची नावं लिवून घेतली व्हती. येकेक काडी मोजली व्हती. कशापायी?"

मी तिला म्हणाले, "कुंदाताईंशी बोला." ती म्हणाली, "बोलले. त्या म्हन्ल्या, पाच वर्सं कळ काढा, मंग पाला मिळंल. मेंढरू पाच वर्सं कळ काढतंय व्हय?"

दोन वर्षांत मेंढरं विकली गेली. आणि कोंडाजीबाबांना तुमच्या संस्थेने राखणदार ठेवलं. खाकी सदरा आणि गळ्यात शिट्टी. शेजारच्या गावची मेंढरं आत शिरली की त्यांनी शिट्टी वाजवायची. तू ते मला आनंदाने सांगितलंस. "बघ, त्यांचीही सोय लावली." तेव्हा मला पहिल्यांदा तुझी भीती वाटली. तुला ते खरंच चांगलं वाटत होतं.

आपलं शेवटचं भांडण तुला पुरस्कार मिळाला त्या आठवड्यातलं. तुझ्या बैठकीच्या खोलीत हार अजून ताजे होते. मी म्हणाले, "निम्मी रोपं वाळलीत. मी बघून आले. उरलेली टँकरच्या पाण्यावर जगताहेत. आणि गवतातली पाखरं गेली, पखुर्ड्या, चंडोल, सगळं गेलं."

"तू जंगलाला विरोध करणारी पहिलीच भूगोलाची मास्तरीण असशील," तू म्हणालीस.

"जंगल इगतपुरीला आहे! ते वाचव ना. ते तुटतंय तिकडे कुणी बघत नाही, आणि इथे खडकावर झाडं रोवता. हे तूच शिकवलंस मला."

"शिकवलं. आणि त्याने काय झालं? दोन बायका आणि एक वही. तेवढंच झालं ना?"

"तू विकलंस ते, कुंदा."

तू हार उचलून बाजूला ठेवलास. अगदी शांतपणे म्हणालीस, "आणि नकाशा कुणी काढला?"

मी चपला घातल्या. अरविंदराव जिन्यापर्यंत आले, "ताई, अहो ताई," करत. मी मागे वळले नाही. तो प्रश्न मला सहा वर्षं पुरला. त्याचं उत्तर मला आणि तुला दोघींना माहीत होतं, म्हणून तर मी तुझं तोंड बघितलं नाही. तुझ्यावर रागवायचं म्हणजे स्वतःवर रागवायचं टळत होतं. एकदा द्वारकेला, सिग्नलच्या पलीकडे, तू दिसलीस. तू हात वर केलास. मी रिक्षा शोधत असल्यासारखं केलं. तो हात हळूहळू खाली आला, तेही मी पाहिलं.

तुझ्या आजाराचं कळवायला फोन आला तोही अरविंदरावांचाच. "ती विचारते तुमच्याबद्दल." मी आले. पलंगावर तू एवढीशी झाली होतीस. आपण अर्धा तास हवापाण्याच्या गप्पा मारल्या, माझ्या मुलीचं लग्न, तुझ्या सुनेची नोकरी. मग तू छताकडे बघत विचारलंस, "माळावर गेली होतीस?"

मी गेले होते. त्याच महिन्यात गेले होते. तुमची झाडं खुरटून गेली होती, कुंपण तीन ठिकाणी पडलं होतं, आणि चरांच्या कडेने, उकरलेल्या मुरमातून कुसळी परत आली होती. मारवेलही होतं. पट्टेच्या पट्टे. ठकूबाई शेळ्या घेऊन बसली होती, मेंढरं नव्हती, पण चार शेळ्या होत्या. मी खाली बसून बोटांनी काड्या मोजल्या होत्या.

"नाही," मी म्हणाले. "कशाला जाऊ? काय उरलंय बघायला?"

तू डोळे मिटलेस. मिटल्या डोळ्यांनीच म्हणालीस, "चरांच्या कडेने कुसळी आली असेल. ती येते."

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

एवढंच सांगायचं होतं, की आली आहे. तुझं आधीचं म्हणणं खरं होतं, तू नंतर जे केलंस ते त्याला पुरतं मारू शकलं नाही. ते ऐकायलाच तू मला बोलावलं होतंस. मी ते तुला दिलं नाही. मला वाटलं, पुढच्या वेळी सांगू. आधी हिने एकदा तरी म्हणू दे, की चुकलं. मी तुझ्या तोंडून एक शब्द काढायची वाट बघत बसले. बारा दिवसांनी अरविंदरावांचा दुसरा फोन आला.

तू चुकलं म्हणाली नाहीस, आणि मीही म्हणाले नाही.

काल त्या दुसऱ्या गावात ग्रामसभा होती. गायरान स्मृतिवनाला द्यायचा ठराव. मी कुणाला न सांगता गेले, पिशवीत आपल्या नोंदींची माझी प्रत घेऊन. मारुतीच्या देवळापुढे मांडव, समोर तुझा फोटो, त्याला हार. संस्थेची माणसं पुढे खुर्च्यांवर. सरपंचांनी मला बोलू दिलं, वयाकडे बघून असेल.

मी सांगितलं, की हा माळ ओसाड नाही. इथली माती एवढीशी, पाऊस एवढासा, आणि त्या दोन्हींत जगायला जे तयार झालंय ते हे गवत आहे. लावलेलं जंगल इथे टँकरशिवाय जगत नाही, पलीकडच्या गावात जाऊन बघा. मी वहीतली नावं वाचून दाखवली. बायका ऐकत होत्या. एकदोघी हसून आपसात माना हलवत होत्या, ओळखीच्या माणसांची नावं ऐकल्यासारख्या.

एक म्हातारे गृहस्थ उठले. "बाई, ह्या फोटोतल्या ताई तुमच्या कोन?"

"मैत्रीण. जवळची."

"मंग मैत्रिनीच्या नावाचं बन नको म्हनताय?"

"तिला हे गवत माझ्याहून जास्त कळत होतं."

"आसं कसं? त्यांनी तर येवढी झाडं लावली."

मांडवात हशा झाला. संस्थेच्या माणसाने नम्रपणे सांगितलं, ताईंच्या अहवालातच या भागातली सगळी माळजमीन वनीकरणास योग्य म्हटली आहे, आणि तुझी सही वर धरून दाखवली. मी त्या सहीकडे बघत राहिले. तुझ्याविरुद्ध तुझीच साक्ष काढायला आले होते, आणि समोर तूच होतीस.

हात वर झाले. विरोधात अकरा, बहुतेक मेंढरंवाल्यांचे. मीही वर केला होता. सरपंच म्हणाले, "मॅडम, तुमचा नाय धरता येनार. तुमी गावच्या नाय." ठराव मंजूर झाला आणि तुझ्या फोटोपुढे नारळ फुटला.

माझ्या शेजारी बसलेली बाई खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातात ठेवून म्हणाली, "नका वाईट वाटून घिऊ, बाई. त्या आसत्या तर त्यांनी आयकलं आसतं का तुमचं?"

"नाही," मी म्हणाले. "पण भांडली असती."

एवढं बोलले आणि मला तिथे, त्या परक्या गावच्या मांडवात, तू गेल्यापासून पहिल्यांदा रडू आलं.

तुझी,
शैला